मुळाक्षरं तोंडपाठ, पण 'घर' वाचता येत नाही! घरच्या घरी खेळातून वाचन कसं घ्यावं?

पाटीपेन्सिल

मुलगी पाच वर्षांची, मोठ्या शिशुवर्गात. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात बोलणं सगळं मराठी. 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत तालासुरात म्हणते, तक्त्यावर कुठेही बोट ठेवा, अक्षर सांगते. पण 'घ' आणि 'र' शेजारी शेजारी ठेवले की 'घ... र...' म्हणते आणि माझ्या तोंडाकडे बघत बसते. काल खूप विचार करून म्हणाली, "घरातला रथ." म्हणजे घ घराचा, र रथाचा!

हसून झालं, पण प्रश्न राहिलाच. सासरे म्हणतात रोज पाटीवर गिरवून घ्या, आपोआप येईल. शिकवणी लावायची नाही एवढं मी आणि नवऱ्यानं ठरवलंय. गोष्टी ऐकायला तिला प्रचंड आवडतं. खेळता खेळता वाचन सुरू करायचं तर नक्की काय खेळायचं? "मजेत शिकवा" असं सगळेच सांगतात, पुढचं कुणी सांगत नाही.

गोगलगाय

घरातला रथ :)) आमचा चार वर्षांचा आहे, पुढच्या वर्षी हेच होणार. वाचनखूण साठवली आहे.

बालवाडीताई

पाटीपेन्सिल, तुमची मुलगी चुकत नाहीये. तिला जे शिकवलं तेच ती करतेय. 'घ घराचा' हे वाचन नाही, चित्राचं नाव आहे. ज्ञ यज्ञातला, ण बाणातला हे सगळं पाठ करून मूल अक्षरांची नावं शिकतं. शब्द मात्र आवाजांचा बनतो, आणि शब्दातून आवाज सुटा करता येणं हे काम कानाचं आहे. ते जमलेलं नसेल तर अक्षरं कितीही गिरवा, उपयोग नाही.

म्हणून महिनाभर तक्ता भिंतीवरून काढा आणि कानाचे खेळ खेळा. पैसे लागत नाहीत, रिक्षात बसूनही होतात.

एक, टाळ्या. 'बटाटा' म्हणताना तीन टाळ्या, 'आई'ला दोन, 'मसालेभात'ला किती? मुलं आधी गोंधळतात, मग घरातल्या सगळ्या वस्तूंना टाळ्या वाजवत सुटतात.

दोन, भेंड्या. गाण्यांच्या नकोत, नुसत्या शब्दांच्या. लहान मुलाला शेवटचा आवाज पकडणं जड जातं, म्हणून आधी पहिल्या आवाजाच्या घ्या: 'क'वरून काय काय? कांदा, कढई, कावळा, काकू. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या होतात.

तीन, आणि हा माझा सगळ्यात लाडका, 'च'ची भाषा. आठवतेय का? शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी च ठेवायचा. पाणी म्हणजे चणीपा, बटाटा म्हणजे चटाटाब, तुला म्हणजे चलातु. आपण ही भाषा मोठ्यांना कळू नये म्हणून बोलायचो. पण विचार करा, 'बटाटा'चं 'चटाटाब' करायला डोक्यात काय घडावं लागतं? समोर एकही अक्षर नसताना 'ब' सोडवून घ्यायचा, बाजूला धरून ठेवायचा आणि शेवटी लावायचा. वाचनाआधीची याहून चांगली कसरत मला तरी माहीत नाही. पाच वर्षांच्या मुलाला दोन अक्षरी शब्द जमतात. सहाव्या वर्षी ती आपल्याला मागे टाकतात.

काटेरी वाक्यं पण चालतील. चटईला टाचणी टोचली, काळे राळे गोरे राळे राळ्यात राळे मिसळले. अर्थ विचारू नका, बोलू द्या.

अक्षरांचं नंतर सविस्तर लिहिते, आत्ता पालक येतील.

सह्यकडा

आमच्याकडे चाललेला खेळ सांगतो. नाव 'हुकुमाची पत्ती'.

मराठीत एक सोय आहे, जिच्याकडे माझंही आधी लक्ष गेलं नव्हतं. आपण मुलांना जे हुकूम सोडतो ते बहुतेक काना-मात्रा नसलेले असतात. बस. पळ. हस. रड. चल. चढ. लप. उठ. सरक. पकड. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर जाड स्केचपेननं एकेक शब्द लिहिला. पत्ते पालथे घालायचे. एकानं उचलायचा, मनात वाचायचा आणि करून दाखवायचं, तोंडानं बोलायचं नाही. बाकीच्यांनी ओळखायचं.

खरी गंमत उलट्या डावात येते. मुलगा पत्ता उचलतो, मला दाखवतो आणि मी तो हुकूम पाळायचा. बाबांना 'रड' दाखवायला मिळणार म्हटल्यावर पोरगं ढिगातून 'रड' शोधून काढायला लागलं. शोधायचं म्हणजे बाकीचे वाचून बाजूला ठेवणं आलंच. मी एकदाही "हे काय लिहिलंय सांग" असं विचारलेलं नाही.

पुढे दोन शब्दांचे केले. वर बघ. कप धर. टब भर. गप बस (हा आईसाठी राखीव ठेवला होता, तिनं जप्त केला).

पाटीपेन्सिल

@सह्यकडा, कमाल! आज रात्रीच करते. 'लप' नक्की चालणार.
@बालवाडीताई, चणीपा!! मी ही भाषा विसरूनच गेले होते. अक्षरांबद्दल लिहा ना प्लीज.

निवृत्त मास्तर

सगळं छान आहे, पण थोडं कडू बोलतो. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं. ज्या घरात पुस्तक सोडा, कॅलेंडरसुद्धा नाही अशा घरांतली मुलं माझ्यासमोर बसायची. त्यांना मी बाराखडी म्हणायला लावली, सकाळी सामुदायिक, मोठ्यानं. वाचायला शिकली. आज पाठांतराला नावं ठेवायची फॅशन आहे. खेळ म्हणून सोडून दिलं की मूल खेळतच राहतं, आणि तिसरीत गेल्यावर आईबाप धावत येतात.

तुमच्या सासऱ्यांचंही अगदीच चुकत नाही. गिरवण्यानं हात वळतो.

झिपरी

मास्तर, आदर आहे, पण बाराखडी म्हणता येणाऱ्या मुलाला 'की' कुठेतरी मधेच दाखवली तर तो 'क का कि की' असं सुरुवातीपासून म्हणत तिथवर येतो, हे तुम्हीही पाहिलं असेलच.

निवृत्त मास्तर

पाहिलंय. म्हणून मी आडवी म्हणून घेतल्यावर उभी म्हणून घ्यायचो. का खा गा घा. की खी गी घी. उभं म्हटलं की मात्रा कानात बसते, आडवं म्हटलं की अक्षर. दोन्ही हवं.

बालवाडीताई

मास्तरांची उभी बाराखडी शंभर टक्के मान्य. आमचं भांडण पाठांतराशी नाही, अर्थाशिवायच्या पाठांतराशी आहे. आणि घरात पुस्तक नसलेल्या मुलांचा मुद्दा निघालाय म्हणून सांगते. खेळातून शिकणं ही शहरी चैन नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. त्यांनी आणि अनुताई वाघांनी काम केलं ते वारली पाड्यांवरच्या मुलांसोबत. माँटेसरीचं लाकडी साहित्य तिथे परवडणारं नव्हतं. मग चिंचोके, शंख-शिंपले, बिया, पानं, दगड हेच साहित्य झालं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरवली. तेव्हा महागडी खेळणी आणि रंगीत फ्लॅशकार्ड विकत घेण्याआधी घरात चिंचोके आहेत का बघा.

आता अक्षरं. वर्णमालेच्या क्रमानं शिकवू नका. क ख ग घ ङ हा क्रम उच्चारस्थानांचा आहे, शास्त्र म्हणून देखणा, पण क, ख, ग, घ या चार अक्षरांतून मुलाच्या ओळखीचा एक धड शब्द करून दाखवा. ङ तर सोडाच.

त्याऐवजी म, ग, र, न घ्या. चारच. मन, मग, गर, नर, गरम, नरम, मगर, नगर, नमन. आता यांत फक्त काना घाला: मामा, नाना, राग, नाग, रान, मान, मार, गार, गारा, गरागरा. आणि सगळ्यात शेवटी 'गरमागरम'. सहा अक्षरांचा शब्द, लागली फक्त तीन अक्षरं आणि एक काना! पाच वर्षांचं मूल 'गरमागरम' वाचतं तेव्हाचा चेहरा बघण्यासारखा असतो. "मला वाचता येतं" हे त्याला तिथे पटतं, चौतिसाव्या अक्षरापर्यंत थांबावं लागत नाही.

बाटल्यांच्या झाकणांवर मार्करनं लिहा. प्रत्येक अक्षराची तीन-चार झाकणं हवीत, नाहीतर 'मामा'ला म पुरत नाही. काना वेगळ्या झाकणावर लिहू नका, आईस्क्रीमची काडी वापरा. कान्याचा आकारही तोच!

वाचताना एक पथ्य. 'घऽऽऽ रऽऽऽ' असं लांबवू नका. लांबवलं की दोन वेगळे शब्द ऐकू येतात. आपण लिहितो पूर्ण 'र', पण 'घर' म्हणताना शेवटचा 'र' अर्धाच निघतो. ही उडी मुलाला स्वतः घ्यावी लागते, आणि ती घेता येते तो शब्द आधी कानावर पडलेला असेल तरच. म्हणून 'नगर' नंतर, 'गरम' आधी. गरम रोज ऐकलेलं असतं.

कोकमसरबत

गरमागरम!! हे मी व्हॉट्सॲपवर मैत्रिणींना पाठवलंय, चालेल ना?

बालवाडीताई

पाठवा की. पेटंट थोडंच आहे.

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहितेय. आमच्याकडचा पेच थोडा वेगळा. मुलगा सात वर्षांचा, इंग्रजी सफाईनं वाचतो, रविवारच्या मराठी शाळेत जातो. इंग्रजीत एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांपासून सुरुवात करून लगेच शब्द बनवतात, एबीसीडीच्या क्रमानं जात नाहीत. त्यामुळे ताईंचं म-ग-र-न मला लगेच पटलं.

त्याची गाडी अडते ती पहिल्या वेलांटीला. डावीकडून उजवीकडे वाचायची सवय, आणि 'कि'मध्ये वेलांटी लिहिलेली असते आधी, म्हणायची नंतर. 'दिवा' वाचताना तो 'इदवा' म्हणतो. दुसरी वेलांटी उजवीकडे असल्यामुळे 'मी', 'की' सहज वाचतो. म्हणून आम्ही दीर्घ आधी घेतला, ऱ्हस्व मागे ठेवला. वेलांटीचा रंग अक्षरापेक्षा वेगळा केला, तोही फायदा झाला.

आणि नातेवाईकांचे फोटो! काका, काकी, काकू. मामा, मामी. अक्षर तेच, मात्रा बदलली की माणूस बदलतं. भारतातल्या सगळ्यांचे फोटो छापून मागे नावं लिहिली. व्हिडिओ कॉलच्या आधी तो पत्ता उचलतो, वाचतो आणि ज्याचं नाव आलं त्याला फोन लावायचा. माझ्या धाकट्या काकूला आता दर रविवारी फोन जातो, कारण 'काकू' त्याला पटकन वाचता येतं. बाकीचे नातेवाईक रुसलेत.

झिपरी

आता माझं. मी डोंबिवलीत राहते, रोज लोकल. लेकीनं वाचायला सुरुवात केली ती स्टेशनांच्या पाट्यांवर. परळ! काना नाही, मात्रा नाही, तीन अक्षरं, ठळक. मग दादर. मग कळवा. गाडी थांबली की खिडकीतून ओरडायचं, हा नियम. गर्दीच्या वेळी नाही अर्थात, तेव्हा श्वास घ्यायलाही जागा नसते.

घरात डब्यांवर नावं चिकटवली. हळद, डाळ, रवा, गूळ, तीळ, साखर, पोहे. आणि आठवड्यातून एकदा तिनं चिठ्ठ्यांची अदलाबदल करायची, मी चुकीचा डबा उघडायचा आणि "अगं बाई, रव्यात साखर कुठून आली!" म्हणायचं. नाटक चांगलं वठायला हवं. सासूबाई खऱ्याच फसल्या एकदा, चहात मीठ पडता पडता राहिलं.

अवांतर: सासूबाईंना वाचता येत नाही. पण कोडी त्यांच्याकडे पोत्यानं. कोकणातून आला भट, धर की आपट. हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यानं भरली. त्या कोडं घालतात, उत्तराचे पत्ते मी लिहून पसरते, लेक योग्य पत्ता शोधते: नारळ, भेंडी. दोघींचा खेळ आहे, मी फक्त कारकून.

सह्यकडा

चिठ्ठ्यांवरून आठवलं, खजिना शोध पण भारी चालतो. पहिली चिठ्ठी हातात: 'वर बघ'. वर पंख्याच्या बटणाला दुसरी: 'कपाटात बघ'. तिथे: 'उशीखाली'. शेवटी दोन खारे शेंगदाणे ठेवले तरी चालतं, शोधण्यातच सगळं आलं. शिवाय पोरगा आता आमच्यासाठी चिठ्ठ्या लिहितो. 'कपटत बग' असं लिहिलेलं असतं. आम्ही शोधतो.

निवृत्त मास्तर

दुरुस्त करत नाही तुम्ही?

सह्यकडा

नाही हो मास्तर. कपाटात काना दोनदा लागतो हे त्याला अजून ऐकू येत नाहीये. पण क, प, ट, त चारही बरोबर क्रमानं ऐकू आलेत की! आम्ही फक्त आमच्या चिठ्ठीत तो शब्द नीट लिहितो. बघतो, कधी कधी आपला आपण काना टाकतो.

बालवाडीताई

बरोबर करताय. 'मल भक लगल' असं मूल लिहितं तेव्हा त्याला 'मला भूक लागली' म्हणायचंय, आणि व्यंजनं त्यानं चोख पकडलेली असतात. मात्रा दुसऱ्या फेरीत येतात. आधी लाल पेन चाललं की ते फक्त येणारे शब्दच लिहायला लागतं. 'भूक' लिहायला जाणारच नाही.

एकूण आकार किती आहेत याचा हिशोब एकदा मांडून बघा. तीस-पस्तीस व्यंजनं, प्रत्येकाची बारा रूपं, म्हणजे चारशेच्या घरात गेलो, जोडाक्षरं वेगळीच. इंग्रजीची सव्वीस अक्षरं आणि आपली ही फौज यांची तुलना करून "इंग्रजी लवकर आलं, मराठी मागे का" असं विचारणारे पालक मला दर वर्षी भेटतात. मराठीत आकार जास्त, पण एकदा ओळखला की आकार सहसा फसवत नाही. इंग्रजीत आकार थोडे आणि फसवणूक रोजची.

सहसा म्हटलं, कारण च, ज, झ आहेत. चमच्यातला च आणि चहातला च एक नाही. झाडातला झ आणि झेंड्यातला झ एक नाही. पण घरात मराठी बोलणारं मूल शब्द कळला की उच्चार आपोआप बरोबर करतं. त्याचा धडा करू नका.

धुकट

थोडा विरोधी सूर. पाच वर्षांच्या मुलाला वाचता यायलाच हवं ही घाई कशाला? २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय. २०२१ मध्ये निपुण भारत ही सरकारी मोहीम सुरू झाली, त्यातही लक्ष्य तिसरीच्या अखेरीपर्यंत समजून वाचणं हे आहे. म्हणजे सरकारही पाच वर्षांच्या पोराच्या मागे लागलेलं नाही. आपण सोसायटीतल्या दुसऱ्या मुलाकडे बघून मागे लागतो. मी तर घरी फक्त वाचून दाखवतो. रोज, झोपताना, तीच ती पुस्तकं. मुलगा पावणेसहा वर्षांचा आहे, त्याला वाचता येत नाही आणि मला काळजी नाही.

पाटीपेन्सिल

@धुकट, घाई नाहीये हो. तीच मागे लागलीये, "मला वाचायचंय" म्हणून. दुकानाच्या पाट्या दिसल्या की "हे काय, हे काय" सुरू. म्हणून विचारलं.

बालवाडीताई

मग तर प्रश्नच मिटला. आणि धुकट, तुम्ही करताय ते सगळ्यात मोठं काम आहे, 'फक्त' म्हणू नका. तेच पुस्तक पन्नासदा वाचलं की मूल पान उलटायच्या आधी पुढचं वाक्य म्हणतं. बघून म्हणत नाही, पाठ झालेलं असतं. अशा वेळी पुष्कळ पालक म्हणतात, "हे काही खरं वाचन नाही." म्हणू द्या त्याला. फक्त तुमचं बोट शब्दाखालून सरकत राहू दे, रोज नाही, अधूनमधून. पाठ असलेलं वाक्य आणि समोरची अक्षरं यांचा मेळ ते स्वतः घालतं. एखाद्या दिवशी तुम्ही शब्द गाळलात तर ओरडेल. ओरडलं की समजा, सुरू झालं.

गोगलगाय

पुस्तकं कुठली घ्यावीत? दुकानात बघायला गेले तर जाडजूड बोधकथा आणि पंचवीस ओळींचं पान.

कोकमसरबत

ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं बघ, लहानांसाठी मुद्दाम केलेली आहेत, चित्रं अस्सल आपल्याकडची वाटतात. प्रथम बुक्स, एकलव्य, तूलिका आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी पुस्तकं स्वस्त पडतात. आणि फुकट हवं असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. मराठीत भरपूर गोष्टी, चार पातळ्यांवर वेगळ्या लावलेल्या. पहिल्या पातळीच्या छापून पिना मारून घे, मुलाच्या हातात फोन द्यावा लागत नाही. थोडी मोठी झाली की बालभारतीचं 'किशोर' मासिक आहेच, १९७१ पासून निघतंय, जुने अंकही नेटवर वाचता येतात.

पानावर एक-दोन ओळी, अक्षर ठसठशीत, एवढं बघ. आणि गोष्टीच्या शेवटी तात्पर्य असलं तर ते पान चिकटवून टाक :)

एक चिंतित बाबा

पहिल्यांदाच लिहितोय. माझा मुलगा साडेसहाचा. वरचे बरेच खेळ करून झालेत. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांत रोज गोंधळ. काल वाचलेलं आज आठवत नाही. शाळेतून "लक्ष देत नाही" असा शेरा आलाय. डिस्लेक्सिया (वाचनाची अध्ययन अक्षमता) असेल का? झोप लागत नाही.

रानजाई

बाबा, मी वाचाउपचाराचं काम करते, त्या अनुभवावरून लिहिते, निदान मात्र इथे कुणी करू शकणार नाही.

घ-ध, भ-म हा गोंधळ या वयात सर्रास दिसतो. देवनागरीत ही जोडपी आहेतच तशी. 'ख' आणि 'रव' तर मोठ्यांनाही हस्ताक्षरात चकवतात. अशी दोन सारखी अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर, मधे बरेच दिवस जाऊ देऊन दुसरं. आणि शिकवताना फरक बोटाला कळू द्या. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिशपेपर आणा (फार खरखरीत नको), अक्षर कापून पुठ्ठ्यावर चिकटवा, डोळे मिटून बोट फिरवायचं आणि आवाज म्हणायचा. माँटेसरींची ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे, अजून चालते. ताटात रवा पसरून लिहिणंही तेच काम करतं. आपले पणजोबा धूळपाटीवर हेच करायचे.

अध्ययन अक्षमतेचं निदान साधारण आठ वर्षांच्या आधी पक्कं करत नाहीत, कारण तोवर बऱ्याच मुलांची गती नुसतीच कमी असते. पण म्हणून हातावर हात ठेवून बसायचं असंही नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, हे पुष्कळदा राहूनच जातं. मग पाहा: यमक जुळवता येतं का? शब्दाच्या टाळ्या वाजवता येतात का? बोलायला उशिरा लागला होता का? घरात आणखी कुणाला वाचायला त्रास झाला होता का? यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असतील तर बालरोगतज्ज्ञांशी बोला, मुंबईत असाल तर महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन आहे. "लक्ष देत नाही" या शेऱ्यावरून मुलाला रागावू नका. जे जमत नाही तिथून लक्ष पळतंच, तुमचं माझंही पळतं.

एक चिंतित बाबा

टाळ्या आणि यमक जमतं. कानाचं तपासलं नाही, या आठवड्यात वेळ घेतो. खूप आभार.

निवृत्त मास्तर

बाबा, काळजी करू नका. माझ्या वर्गात घ आणि ध तिसरीपर्यंत अडखळणारा एक जण आज तालुक्याला वकिली करतो.

पाटीपेन्सिल

अपडेट द्यायला आले. हुकुमाची पत्ती तुफान चाललीये, सासरे 'लप'मध्ये पडद्यामागे लपतात आणि पाय बाहेर दिसतात. 'गरमागरम' परवा वाचलं!! मग घरभर तेच ओरडत होती. 'घर'ही वाचते आता, रथ गेला.

दोन शंका. एक, पुस्तकातला ल आणि श वेगळा दिसतो, फोनवर वेगळा, सासरे लिहितात तो तिसराच. ती विचारते, "खरा कुठला?" आणि दुसरी, जोडाक्षरं कधी? तिच्या मैत्रिणीच्या नावात 'प्र' आहे, त्यामुळे तिला ते आत्ताच हवंय.

झिपरी

ल-श बद्दल: २००९ मध्ये राज्य शासनानं मराठीची वर्णमाला प्रमाणित केली, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवला. पाठ्यपुस्तकांत तोच असतो. फोनवरचे बरेच टंक हिंदीच्या वळणाचे, म्हणून दंडाचा ल दिसतो. आम्ही लेकीला सांगितलं, दोन्ही खरेच, एक आपल्या पुस्तकातला. आता ती पेपरात 'कुठला ल' याची शिकार करते. सासरे लिहितात तो तिसरा असेल तर बहुतेक मोडीच्या वळणाची सवय असावी, किंवा नुसतंच हस्ताक्षर :)

बालवाडीताई

जोडाक्षरांचं. तिला हवंय तर मैत्रिणीचं नाव लगेच द्या, चित्रासारखं ओळखू दे. त्याचं स्पष्टीकरण आत्ता नको. नियमानं शिकवायची वेळ काना, दुसरी वेलांटी, उकार, एक मात्रा एवढं हाताशी आलं की येते.

सुरुवात सोप्या जोड्यांनी, म्हणजे दंड काढला की अर्धं अक्षर दिसतं अशांनी: ग्लास, पुस्तक. कुत्रा नव्हे, कारण त्र मध्ये त ओळखू येत नाही. त्याआधी सुद्धा द्वित्त घ्या, म्हणजे तेच अक्षर त्यालाच जोडलेलं: पत्ता, गप्पा, बिल्ला, चप्पल. आवाज एकच, फक्त दाबून म्हणायचा. 'पता' आणि 'पत्ता', 'गपा' आणि 'गप्पा' असं म्हणून दाखवलं की मुलांना ते दाबणं अंगानंच कळतं. आमच्याकडे त्या जागी उडी मारायची पद्धत आहे, पऽ-उडी-त्ता.

र सगळ्यात शेवटी. त्याची नाटकं फार. 'प्र'मध्ये पायाशी तिरका, 'ट्र'मध्ये खाली टोपीसारखा, 'सूर्य'मध्ये डोक्यावर, आणि 'दऱ्या'मध्ये मिशीसारखा. चारही एकदम दाखवू नका. प्र, क्र, ग्र, ब्र हे घराणं आधी, दोनेक महिने तेवढंच. मैत्रिणीच्या नावाच्या निमित्तानं तिचा अर्धा रस्ता झालेलाच आहे. रफार, म्हणजे डोक्यावरचा र, दुसरीत आला तरी काही बिघडत नाही, कारण त्याचा आवाज आधी आणि खूण पुढच्या अक्षरावर, हा उलटा व्यवहार पहिल्या वेलांटीपेक्षा अवघड आहे.

दूरदेशी

'खाली टोपीसारखा, डोक्यावर, मिशीसारखा' यावरून कल्पना सुचली, र चे चार कागदी पोशाख करते आणि अक्षरांच्या बाहुल्यांना घालते. ताई, ट्रचा पोशाख आणखी कुठल्या अक्षरांना बसतो?

बालवाडीताई

ट, ड. ट्रक, ड्रम. ठ आणि ढ लाही बसेल, पण तसे शब्द मुलांच्या बोलण्यात नाहीत, म्हणून दोनच बाहुल्या करा.